खवलेबाईंचं परखड मत

एका जंगलात, मुलांनो, सगळेच लेखक होते. त्याआधी ते चांगलं जंगल होतं.

सुरुवात वाघसाहेबांनी केली. त्यांचे दात पडले, शिकार जमेना, वेळ जाईना. म्हणून त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. पळसाच्या पानांवर लिहायचं, पानं वेलीनं शिवायची, की झालं पुस्तक. वाघसाहेबांच्या पुस्तकाचं नाव होतं ‘माझे उपाशी दिवस’. आपलं बालपण किती हालाखीत गेलं ते त्यांनी त्यात सांगितलं होतं. ऐकून हरणांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे हरणांनी तसं कळवलं. वाघसाहेबांचे सगळेच दात पडलेत की दोनचार शिल्लक आहेत, याची हरणांना अजून खात्री नव्हती.

मग काय विचारता! बगळ्यानं ‘एका पायावर’ लिहिलं. रानडुकरानं ‘चिखलातून वर’ लिहिलं. मोरानं कादंबरी लिहिली. ज्याला त्याला खडतर बालपण फुटलं. पोटभर जेवून वाढलेलं त्या जंगलात कुणीच नव्हतं, हे आत्मचरित्रं येईपर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं.

आता तुम्ही विचाराल, सगळे लिहीत होते तर वाचत कोण होतं? शहाणी आहात. एक जण वाचत होती. तिचीच ही गोष्ट. मधे बोलू नका.

तिचं नाव खवलेबाई. खवल्या मांजर पाहिलंय का कधी? नसेल पाहिलं. अंगभर खवले, लांबलचक जीभ, आणि स्वभाव इतका भिडस्त की जरा काही झालं की अंगाचा चेंडू करून बसायचं. मुंग्या आणि वाळवी हे त्याचं जेवण. खवलेबाई ग्रंथालयात पहिल्यांदा गेल्या त्या वाळवीसाठीच. ऐनाच्या एका म्हाताऱ्या झाडाच्या ढोलीत जंगलाचं ग्रंथालय होतं, आणि तिथल्या पुस्तकांना वाळवी लागली होती. बाई पुस्तक उघडायच्या, वाळवी चाटून घ्यायच्या, पुस्तक मिटायच्या. एकदा काय झालं, वाळवी संपली तरी पुस्तक मिटवेना. पुढं काय होतं ते बघावंसं वाटलं. वाचनाचा नाद त्यांना लागला तो असा, जेवता जेवता.

हा नाद त्यांच्या अंगी लागला, हेही सांगितलं पाहिजे. जे पुस्तक कुणी उघडत नाही त्यालाच वाळवी लागते. म्हणजे पुस्तक जितकं रटाळ तितकं जेवण भरपूर. पारितोषिक मिळालेल्या पुस्तकांवर तर बाई चांगल्या सुटल्या होत्या.

बाईंची मतं परखड होती. पण भिडस्त जीव, चारचौघांत बोलायच्या नाहीत. संध्याकाळी ओढ्याकाठच्या कातळावर येऊन बसायच्या आणि एकाच प्राण्याला ती मतं ऐकवायच्या. तो प्राणी म्हणजे कासवअण्णा.

अण्णा स्वतः वाचत नसत. एक पान वाचून होईतो ऋतू बदलायचा. ते बाईंची मतं ऐकायचे आणि घरी जाता जाता त्यांवर विचार करायचे. घर तसं जवळच होतं, पण अण्णांच्या चालीनं विचार भरपूर व्हायचा.

दोघांची ओळख कशी झाली ते आधी सांगतो. एकदा अण्णा उतारावरून घरंगळत एका घळीत पडले. पडले ते उताणे. चारी पाय आभाळाकडे, ऊन डोक्यावर, आणि कासवाला उताणं पडलं की काही करता येत नाही. रानडुक्कर वरून गेलं. “काळजी घ्या,” म्हणालं आणि गेलं. बगळा म्हणाला, चिंतनाला ही अवस्था फार चांगली. मग खवलेबाई आल्या. त्यांनी काही न बोलता शेपूट अण्णांच्या पाठीखाली सारलं, जोर लावला आणि अण्णांना सरळ केलं. अण्णा आभार मानणार, इतक्यात संकोचानं बाईंचा चेंडू झाला. अण्णा तिथंच बसून राहिले. कासवाला वाट बघता येते. ऊन उतरलं तेव्हा बाईंनी एक डोळा बाहेर काढला.

“नाव काय आपलं?” अण्णांनी विचारलं.

तेव्हापासून ती कातळावरची बैठक.

“आज काय वाचलंत, बाई?”

“बगळ्याचं.”

“कसंय?”

“पहिल्या पानापासून एका पायावर उभा आहे. तपश्चर्या, एकांत, चिंतन. सबंध पुस्तकात एकही मासा नाही.”

“एकही नाही?”

“अहो, इतकी वर्षं पाण्यात उभा राहून हा खात काय होता? आत्मचरित्रात जो जेवत नाही, त्याच्यावर माझा विश्वास नाही, अण्णा.”

अण्णा हसायचे. हसले की त्यांची मान आतबाहेर व्हायची.

“आणि मोराची कादंबरी?”

“नायक मोरच आहे. पाऊस येतो, तो नाचत नाही. पाऊस जातो, पुन्हा येतो, तरी नाचत नाही.”

“का पण?”

“ते शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. मी घुबडसरांना विचारलं. ते म्हणाले, तेच तर आहे. मी म्हटलं, काय आहे? तर म्हणाले, तेच.”

घुबडसर हे जंगलातले समीक्षक. डोळे मोठे होते म्हणून त्यांना नेमलं होतं.

“मग तुम्हाला कादंबरीत हवंय तरी काय?” अण्णा विचारायचे.

“फार नको हो. कुणाला तरी भूक लागू दे. त्याला कुणाच्या तरी मागं धावू दे. सापडलं तर खाऊ दे, नाही सापडलं तर उपाशी झोपू दे. हल्ली कादंबरीत भूक लागली की पात्र भुकेवर विचार करत बसतं. तोवर माझी वाळवी संपते.”

या बैठकीत दोघांनी मिळून एक गंमत केली होती. जंगलात पुस्तकांचे प्रकाशन समारंभ व्हायचे, आणि तिथं वक्ते काही ठरावीक शब्द बोलायचे. त्या शब्दांचे खरे अर्थ या दोघांनी लावून ठेवले होते.

“रानडुकराचं पुस्तक ‘ओघवतं’ आहे म्हणाले,” अण्णा सांगायचे.

“म्हणजे पहिलं पान वाचलं.”

“मोराचं ‘अस्वस्थ करणारं’ आहे.”

“म्हणजे कळलं नाही.”

“वाघसाहेबांचं ‘संग्राह्य’.”

“फळीवर ठेवणार.”

“आणि ‘वाचनीय’?”

“वाचनीय म्हणजे उघडलंसुद्धा नाही,” बाई म्हणायच्या. मग दोघं इतके हसायचे की ओढ्यातले बेडूक गप्प व्हायचे.

एका संध्याकाळी बोलणं वाघसाहेबांच्या पुस्तकावर आलं. बाई त्या दिवशी रंगात होत्या.

“शेवटी एक ‘ऋणानुबंध’ म्हणून प्रकरण आहे,” त्या म्हणाल्या. “प्रत्येक आत्मचरित्रात असतंच ते. मित्रांचं. जो येतो तो देवमाणूस. कुणाचं कुणाशी भांडण नाही, कुणाच्या अंगाला वास येत नाही. वाघाचे मित्र देवमाणूस! मी हल्ली ते प्रकरण वाचतच नाही. सरळ पुढं जाते.”

“सरळ?” अण्णांनी विचारलं.

“सरळ. मित्रांचं प्रकरण दिसलं की पानं उलटायची. लेखकाला काही गाळायचंच असेल तर त्यानं आधी ते गाळावं.”

अण्णांची मान जरा आत गेली, पण संध्याकाळी गार होतं तेव्हा ती तशीही जायची. थोड्या वेळानं “निघतो” म्हणाले आणि निघाले. बाईंच्या काही लक्षात आलं नाही. परखड मत देऊन झालं की मोकळं वाटतं ना, तसं त्यांना मोकळं वाटत होतं.

मग अण्णा कातळावर यायचे कमी झाले. आले तरी लवकर निघायचे. बाईंना वाटलं, तब्येत बरी नसेल. आणि एक दिवस अण्णा आले ते पाठीवर पुस्तक घेऊन.

“माझं आहे,” ते म्हणाले आणि खाली बघत राहिले. “‘माझं ओझं, माझी पाठ’.”

सगळं जंगल लिहीत होतं तेव्हा बाईंना आजवर एकच समाधान होतं, की अण्णा लिहीत नाहीत.

“प्रकाशनाला तुम्ही दोन शब्द बोलायचे आहेत,” अण्णा म्हणाले. “मी घुबडसरांना सांगितलंय, तुमच्यानंतर बाई बोलतील. आणि स्पष्ट सांगा हं. भीड ठेवू नका.”

‘स्पष्ट सांगा’ म्हणणाऱ्या लेखकाला काय ऐकायचं असतं ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. पण हे अण्णा होते. त्यांनी पुस्तक घेतलं आणि बिळात नेऊन वाचायला बसल्या.

सुरुवात वाईट नव्हती. अंड्यातून बाहेर आलो तेव्हा माझं असं कुणी नव्हतं, असं अण्णांनी लिहिलं होतं. कासवाच्या बाबतीत ते खरंच असतं. पुढं घळ आली. बाई पुढं सरकून वाचू लागल्या. अण्णांनी लिहिलं होतं :

‘ऊन डोक्यावर आलं. चारी पाय आभाळाकडे होते. कुणी कुणाचं नसतं हे मला त्या क्षणी उमगलं. मग मी मनाचा निर्धार केला आणि स्वतःच्या बळावर सरळ झालो.’

बाईंनी मागं वळून स्वतःच्या शेपटाकडे पाहिलं.

एखादं पान चिकटलं असेल म्हणून त्यांनी पानं सुटी करून पाहिली. चिकटलेलं नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कातळ होता, ओढा होता, कितीतरी संध्याकाळी होत्या. ‘मी कातळावर एकटाच बसून जीवनाचा विचार करीत असे,’ असं होतं. खवलेबाई कुठंच नव्हत्या. त्यांनी आणखी एकदा वाचलं. तेव्हाही नव्हत्या.

बाईंना फार वाईट वाटलं. उगाच दडवून काय सांगू, त्या रडल्या. पण रडता रडता त्यांच्यातली वाचक जागी झाली, आणि खरी पंचाईत तिथं झाली. पुस्तक वाईट आहे, हे त्यांना दिसत होतं. पण ते वाईट आहे म्हणून वाईट वाटतंय, की आपण त्यात नाही म्हणून? आपण त्यात असतो, तर बरं वाटलं असतं का? इतकी पुस्तकं वाचली, इतकी मतं दिली, पण आपलं मत खरं आहे की नुसतं दुखणं आहे, असा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. उत्तर सापडायच्या आत प्रकाशनाचा दिवस आला.

ऐनाखाली सगळं जंगल जमलं होतं. कार्यक्रमानंतर जांभळं आणि करवंदं होती, त्यामुळं गर्दी चांगली होती. पुस्तक केळीच्या पानात गुंडाळून ठेवलं होतं. घुबडसरांनी चोचीनं वेल तोडली, पुस्तक उलटं धरून सगळ्यांना दाखवलं आणि ते बोलायला उभे राहिले.

“पुस्तक माझ्या हाती कालच आलं,” ते म्हणाले. “दिवसा मला दिसत नाही आणि रात्री मी कामात असतो. पण चाळताना जे जाणवलं, ते थक्क करणारं आहे.”

टाळ्या पडल्या. मग खवलेबाईंचं नाव पुकारलं. ही बया खरंच वाचते, असं जंगलात बोललं जायचं, आणि त्याची सगळ्यांना धास्ती होती. बगळ्यानं तर दुसरा पायही खाली ठेवला.

बाई उभ्या राहिल्या. पहिल्या रांगेत अण्णा बसले होते. मान पूर्ण बाहेर. ती इतकी लांब आहे हे बाईंना आज पहिल्यांदा कळलं. काय बोलावं? खरं बोलावं तर भर सभेत स्वतःचं रडगाणं व्हायचं. खोटं बोलायची तर सवयच नव्हती. बाईंच्या अंगाचा चेंडू व्हायला लागला. तो पूर्ण व्हायच्या आत तोंडाला येईल ते त्या बोलून गेल्या.

“वाचनीय आहे,” त्या म्हणाल्या. “संग्राह्यसुद्धा आहे.”

आणि खाली बसल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. घुबडसरांनी बाईंच्या खवल्यांवर शाल घातली. इतकं नेमकं बोलणारं जंगलात कुणी नाही, असं रानडुक्कर म्हणालं.

बाईंनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांची मान आत गेली होती. जांभळं खायलासुद्धा ती बाहेर आली नाही.

त्या संध्याकाळी अण्णा कातळावर आले नाहीत. दुसऱ्या संध्याकाळीही नाहीत. बाई रोज जाऊन बसायच्या. बेडूक बोलत राहायचे, त्यांना गप्प करायला कुणी हसत नव्हतं. पाऊस येऊन गेला. ग्रंथालयात ‘माझं ओझं, माझी पाठ’ फळीवर होतं, आणि त्याला वाळवी लागली. चांगली गुबगुबीत वाळवी. बाईंनी जीभ बाहेर काढली आणि पुन्हा आत घेतली. त्यांना भूक होती, पण त्या पुस्तकावरचं जेवण घशाखाली उतरेना. शेवटी त्या उठल्या आणि तडक अण्णांच्या घरी गेल्या. अण्णा करवंदीच्या जाळीखाली राहायचे.

“अण्णा, बाहेर या.”

“कोण?” आतून आवाज आला.

“मी. खवले.”

बऱ्याच वेळानं मान बाहेर आली. थोडीशीच.

“तुम्ही माझं पुस्तक वाचलंत नाही,” अण्णा म्हणाले.

“वाचलं.”

“वाचनीय म्हणालात!”

“तीन वेळा वाचलं, अण्णा.”

“तीन वेळा वाचलंत आणि वाचनीय म्हणालात? अहो, इतर म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्याचा अर्थ आपण दोघांनी मिळून लावला होता. वाईट आहे म्हणायचं होतंत. मी ऐकून घेतलं असतं. तुम्ही वाचलंय एवढं तरी कळलं असतं.”

बाई म्हणाल्या, “त्या घळीत तुम्हाला सरळ कुणी केलं?”

अण्णांनी खाली पाहिलं. “तुम्ही.”

“आणि पुस्तकात?”

“मी.”

“असं का केलंत, अण्णा? मी इतकी का नकोशी झाले?”

अण्णांची मान सबंध बाहेर आली.

“तुमचं प्रकरण होतं,” ते म्हणाले. “सगळ्यात मोठं तेच होतं. सगळ्यात आधी लिहिलं होतं. बाकीचं पुस्तक मी त्याच्या मागंपुढं जोडलं. पण तुम्हीच म्हणालात ना, मित्रांचं प्रकरण दिसलं की तुम्ही सरळ पुढं जाता? लेखकानं आधी तेच गाळावं, असंही म्हणालात. अहो, या जंगलात वाचणाऱ्या तुम्ही एकट्या. तुम्हीच ते वाचणार नसाल तर मी ते ठेवू कुणासाठी? म्हणून गाळलं.”

“आणि स्वतःच्या बळावर सरळ झालात?”

“मग काय करू? तुम्हाला काढल्यावर मी तिथं उताणाच राहिलो. कुणीतरी सरळ करायलाच हवं होतं. नाहीतर पुढची प्रकरणं व्हायची कशी?”

बाईंच्या ध्यानात आलं, एवढं मोठं प्रकरण आपल्यावर कुणीतरी लिहिलं होतं, आणि ते आपणच बाहेर काढायला लावलं.

“ती पानं आहेत ना? द्या मला. आत्ता वाचते.”

अण्णा संकोचले. “पळसाची होती. कोवळी होती अगदी.”

“मग?”

“टाकवेनात. खाल्ली.”

बाईंनी डोळे पुसले. रडू येत होतं आणि हसूही येत होतं. “बरं, मग तोंडी सांगा,” त्या म्हणाल्या. “काय काय लिहिलं होतंत ते सगळं सांगा. मी ऐकते. एक अक्षर गाळू नका.”

अण्णांचे डोळे चमकले. त्यांनी घसा साफ केला, पाय नीट टेकवले आणि सुरुवात केली.

“त्या दिवशी सकाळपासूनच ऊन कडक होतं. तशी त्या वर्षी उष्णता सगळीकडेच फार. आमच्या भागात उन्हाळा म्हटला की ओढा आटायचा. हा ओढा मूळचा उत्तरेकडच्या डोंगरातला. त्या डोंगराविषयी आमच्याकडे असं सांगतात, की पूर्वी तिथं...”

बाई मन लावून ऐकत होत्या. खरंच ऐकत होत्या, मुलांनो. पण इतक्या वर्षांची सवय. जीभ लांब असली की ती आवरायला वेळ लागतो.

“अण्णा,” त्या म्हणाल्या.

“हं?”

“सुरुवात जरा पसरट झालीय. मी येते तिथपासून घ्या ना.”

अण्णा थांबले. मग त्यांनी मान आत घेतली. मग पुढचे पाय, मग मागचे, आणि शेवटी शेपटी.

आपण काय बोलून बसलो ते बाईंना तेव्हा कळलं. त्यांना इतकी लाज वाटली की जागच्या जागी त्यांचा चेंडू झाला. करवंदीच्या जाळीखाली दोन गोल वस्तू शेजारी शेजारी पडून राहिल्या. बाई म्हणतील, चुकलं माझं, पुढं सांगा, म्हणून अण्णा आत वाट बघत होते. अण्णा मान बाहेर काढतील, आणि मागच्यासारखं नाव विचारतील, म्हणून बाई आत वाट बघत होत्या.

जाळीजवळून रानडुक्कर गेलं. दोघांकडे पाहून ते क्षणभर थांबलं.

“काळजी घ्या,” म्हणालं, आणि गेलं.

तात्पर्य : पुस्तकावर मत द्यायचं असेल तर ते आधी वाचू नये. न वाचता दिलेल्या मतानं आजवर कुणाची मैत्री तुटल्याचं ऐकिवात नाही. मिळालीच तर शाल मिळते. वाचायची खोड जडलीच असेल तर निदान मित्रांचं प्रकरण गाळू नका, त्यात कोण आहे ते सांगता येत नाही. आणि ही गोष्ट कशी वाटली असं कुणी विचारलं, तर ‘वाचनीय’ म्हणा आणि झोपा.